पेंढ्याचं वासरू

काचेच्या पेटीखाली पांढऱ्या पुठ्ठ्यावर छापलं होतं: ‘वासरू. कातडं, पेंढा, सुतळी. कारागीर अज्ञात.’

अज्ञात म्हणे. कुणाच्या बांधावरून कोण कधी गेलं ते झोपेत सांगणारं हे कोल्हार, आणि माझा बाप तेवढा अज्ञात!

प्रदर्शन होतं बंद पडलेल्या दूध डेअरीच्या खोलीत. भिंतींना पांढऱ्या फरशा, मधोमध पाणी वाहून जायची नाली, आणि कितीही धुतलं तरी न जाणारा आंबूस वास. गावातल्या बड्या घरच्या काकासाहेबांची नात, त्यांच्या आदिनाथची पोरगी सृष्टी, पुण्याला कला शिकली आणि तिथंच राहिली. ती चित्रं काढत नाही. वस्तू मांडते, फिल्म काढते आणि माणसाला पुढं उभं करून विचारते, काय वाटतं? ह्या वेळी विषय होता मरण. मेलेलं जनावर माणूस ठेवतो कशाला, हा प्रश्न. प्रदर्शनाचं नाव ‘उरलेलं’.

एका फळीवर कुठल्याशा कॉलेजनं फेकून दिलेल्या बरण्या होत्या. बेडूक, धामण, कोंबडीचं अर्धं वाढलेलं पिल्लू. एका भिंतीवर फिल्म चालू होती, संपली की परत सुरू. तिच्यात जुन्या शिकारी घरातलं काळविटाचं मुंडकं, एका म्हाताऱ्यानं पेंढा भरून ठेवलेला त्याचा पोपट, आणि शेवटी हे वासरू. वासरापुढं एक गीर गाय आणून उभी केलेली. गाय हुंगते, थांबते, लई वेळ थांबते आणि तोंड फिरवून गवताला लागते. खोटं कशाला बोलू, फिल्म चांगली होती. मी ती उभ्या उभ्या परत परत पाहिली. राग आला तो खाली पुठ्ठा वाचल्यावर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आताच्या जर्सी-होस्टन गाईंना वासरू नसलं तरी चालतं. मशीन लावलं की दूध. गावठी गाय तशी नव्हती. वासरू पुढ्यात असलं तरच ती पान्हा सोडायची. वासरू मेलं तर दूध चोरायची, आटून जायची, हंबरून गोठा डोक्यावर घ्यायची. मग मेलेल्या वासराचं कातडं काढून त्यात पेंढा भरायचा, शिवायचं आणि धारेच्या वेळी तिच्यापुढं ठेवायचं. ती चाटायची. चाटता चाटता पान्हा यायचा. खाली बसलेला कासंडी भरून घ्यायचा. जित्या आईला मेलेलं लेकरू दाखवून दूध काढायची ही रीत. कुणाला वाईट वाटत असेल तर वाटू द्या. ज्या घरात दूध होतं त्या घरात कुणाला वाटत नव्हतं.

ते कातडं मात्र दूधवाल्याच्या हाताला चालत नव्हतं. ते काम आमच्या वस्तीचं. आमची वस्ती नदीच्या अंगाला, गावाचं सांडपाणी जिकडं जातं तिकडं. माझ्या लहानपणी वस्तीनं मेलेली ढोरं ओढायचं सोडलेलं होतं. बैठक घेऊन, शपथा घेऊन सोडलेलं. एकटा माझा बाप, बिभीषण साबळे, वासरं भरायला जायचा. चुलता त्याच्यावर ओरडायचा, “दादा, आपण वढायचं सोडलं ते ह्येच्यासाठी व्हय?” बाप म्हणायचा, “वासरू म्हंजी काय ढोर न्हवं. अन ती गाय तिकडं बोंबलून मरतीया, तिला काय सांगू, ठराव झालाय म्हणून?”

मी चुलत्याच्या बाजूचा. आजही. ते काम सुटलं ते बरंच झालं. पण सकाळ आठवते. अकोले तालुक्यातला भाताचा पेंढा दारात पडलेला. मीठ आणि कडुलिंबाच्या पाल्याचा वास. बाप तयार वासरू खांद्यावर घेऊन गावातून निघायचा, चारी पाय पुढं लोंबताहेत, मी मागं. त्या दिवशी आम्हाला काकासाहेबांच्या पुढच्या दारातून गोठ्यापर्यंत जाता यायचं. बाप वासरू गव्हाणीजवळ उभं करायचा, मानेला जरा बाक द्यायचा, जितं वासरू आईकडं वळतं तसा. गाय थरथरायची. नाकातून आवाज काढायची, हंबरणं नव्हे, त्याच्या अलीकडचा आवाज. आणि मग कासंडीत पहिली धार वाजायची. सगळा गोठा हसायचा. बाप माझ्याकडं बघायचा. आम्हाला परत निघताना ताक मिळायचं, तेही वरून ओतलेलं, दूध कधी नाही. ह्याचा मला आजही संताप येतो. तरी कुणी म्हटलं की एक सकाळ परत देतो, तर मी तीच मागेन.

बाप गेला तेव्हा मी कॉलेज सोडून श्रीरामपुरात बोर्ड रंगवत होतो. घरात त्याचा एक फोटो नाही. निवडणुकीच्या कार्डावर होता, ते कार्ड नदीच्या पुरात गेलं. आता माझं फ्लेक्सचं दुकान आहे. गावातल्या प्रत्येक शेंबड्याचा वाढदिवस मी दहा फुटांवर छापतो. आदिनाथचा तर चौकाच्या चारी बाजूंना. आणि बापाचा तोंडवळा मला नीट आठवतसुद्धा नाही. आठवतात ते हात, कातड्यावर चालणारे. आणि ते हात कुठं राहिले असतील तर ह्या पेटीत, त्या टाक्यांत. त्याला ही पोरगी म्हणते अज्ञात.

मी तिथंच तिला गाठली. “सृष्टी, हे कुठून आणलंस?”

“आमच्याच माळ्यावरून, काका. आजीनं ठेवलेलं होतं. धुरानं टिकलं बहुतेक. बघा ना, कसलं सुंदर शिवलंय.”

“शिवणाऱ्याला नाव न्हवतं का?”

“कुणालाच आठवत नव्हतं. तुम्हाला माहितीय?”

“माझा बाप. बिभीषण मारुती साबळे.”

मी भांडायच्या तयारीनं गेलेलो. चार वाक्यं घोकून ठेवलेली, त्यातली दोन जरा शिवराळ. ही पोरगी सरळ म्हणाली, “थँक यू काका. उद्याच नवीन कार्ड लावते. दुकानात तुमच्याकडंच छापून मिळेल का?” आता अशा माणसाशी भांडायचं कसं?

भांडायला आदिनाथ होता. तो दारातूनच आला, पांढरा कडक शर्ट, खांद्यावर रुमाल. “कल्याण, जरा सबुरीनं. उद्या उद्घाटनाला कारखान्याची, पंचायत समितीची माणसं येणार हायेत. तिथं नावं-बिवं लावून जातीचा विषय कशाला काढायचा?”

“नाव लावलं की जात निघती अन दूध प्यालं की न्हाई निघत, व्हय दादा?”

“तसं न्हाई रे. पण त्येच्याच हातचं कशावरून? त्या टायमाला कोल्हारात, पलीकडं बाभळेश्वरात, दोघं-तिघं भरायचे. उगंच खोटं नाव लागायचं. पोरीचं नाव पेपरात येतंय, कुनीतरी उठून म्हनंल हे आमच्या आज्याचं.”

“पप्पा, नाव लावायला काय हरकत?” सृष्टी म्हणाली.

“पुरावा पायजे,” आदिनाथ म्हणाला. “जमिनीला सात-बारा लागतो, मग ह्याला नको?”

माझ्या बापाला ना सातबारा, ना फोटो. मी म्हटलं, “पुरावा हाय. माझी आई जिती हाय. तिनं वळखलं तर?”

“लंकाकाकी म्हनल्या तर माझी काय ना न्हाई,” आदिनाथ म्हणाला. त्याला वाटलं असेल, म्हातारी गुडघ्यांनी घरी बसवलेली, ती कशाला येते.

आईला हे सांगितलं तेव्हा ती ओसरीवर शेंगा फोडत होती. सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, “कान हाय का त्येला? डावा?”

“हाय. जरा मुडपलेला.”

“मुडपलेलाच हुता,” ती म्हणाली आणि शेंगांचं सूप बाजूला सारलं. “चल.”

दुसऱ्या दिवशी टेम्पोत पुढं बसवून नेलं. ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात काठी. डेअरीपुढं मांडव, खुर्च्या, गुलाबाच्या पाकळ्यांचं ताट. मोठी माणसं अजून यायची होती. पहिल्या खुर्चीत आक्काबाई बसलेल्या, काकासाहेबांच्या मंडळी, सृष्टीची आजी. दोघी म्हाताऱ्या एकाच सालात लग्न होऊन ह्या गावात आलेल्या, एक वाजतगाजत आणि एक बैलगाडीतून.

“लंके, तू बी आलीस का? मढी बघायला?” आक्काबाई म्हणाल्या.

“जितीला कोन बघतंय आक्का. मढ्याला मांडव घालत्यात.”

दोघी हसल्या. मग आक्काबाईही काठी टेकत मागोमाग आत आल्या. आदिनाथ, सृष्टी, मी. आईनं बरण्यांकडं पाहिलं नाही. फिल्मपुढं मात्र उभी राहिली. गीर गाय हुंगून तोंड फिरवते तिथं म्हणाली, “ती कशाला चाटंल. तिचं थोडंच हाय ते.” आणि पुढं गेली.

पेटीभोवती तिनं एक चक्कर मारली. मग बोटांनी काचेवर टकटक केलं. “काढ ही.”

सृष्टीनं आणि मी मिळून काच उचलली. आदिनाथ म्हणाला, “हात लावू नका काकी, जुनं हाय.” आईनं ऐकलंच नाही. तिचा हात डोक्याकडं गेला नाही, कानाकडं गेला नाही. सरळ पोटाखाली गेला. तिथं शिवण होती. बोटं शिवणीवरून मागच्या पायांपर्यंत गेली आणि परत आली. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. मला वाटलं आता रडेल.

“आई, सांग ह्यांना. आबांच्याच हातचं ना?”

“न्हाई.”

आदिनाथनं हात पसरले. “बघ! मी काय म्हनत हुतो—”

“थांब की रं आदिनाथ. तुझ्या बापालाबी अशीच घाई असायची.” आईनं हात काढला नव्हता. “कातडं त्यांनी काढलं. पेंढा त्यांनी दाबला. शिवलं मी.”

“तू?”

“मंग कोन? त्यांनी शिवलेलं पोतं गिरणीपतुर टिकायचं न्हाई. कातडं काय टिकनार. सगळी वासरं मीच शिवली. मागल्या भिताडाआड बसून. तू तर झोपल्याला असायचास.”

मी आठवायला लागलो. पेंढा दाबणारे हात, मीठ चोळणारे हात. आणि दाभण? दाभण धरलेला बाप मी कधी पाहिलाच नव्हता. जे पाहिलं नव्हतं तेच मी इतकी वर्षं जपलं होतं, रंगवून, चौकट करून.

“मग आबा कधी बोलले न्हाई ते?”

“कसं बोलत्याल? बायमानसानं शिवलं तर गाय आटती म्हनायचे लोक. त्यांनी सांगितलं आसतं तर काम गेलं आसतं.” तिचा हात पोटाखालीच. “अन ह्या वासराच्या टायमाला तर सांगायची सोयच न्हवती. तुझी भन गेल्ती.”

मला बहीण होती एवढं मला माहीत होतं. ‘एक झालेली, राहिली नाही,’ ह्याच्या पुढं घरात कुणी कधी बोललं नाही.

“पाचवी पुजली अन बारशाच्या आत गेली,” आई म्हणाली. सांगत होती ती सृष्टीला, माझ्याकडं न बघता. “नाव बी ठेवलं न्हवतं. अन तिकडनं ह्यांच्या घरनं सांगावा, चंद्रीचं वासरू मेलं, बिभीषणाला पाठवा. ह्ये कातडं घिऊन आले. मला म्हनले, राहू दे, मी कसंबी करतो. मी म्हनलं, आना हिकडं. बसून तरी काय करू. दुधानं चोळी भिजल्याली असायची, वाळायची न्हाई. मांडीवर घिऊन शिवलं म्हंजी गळायचंच की खाली. ह्या हितं.” तिनं शिवणीवर बोट ठेवलं. “त्ये म्हनले, चंद्री पयल्यांदा हितंच चाटाय लागली. तोंडाकडं गेलीच न्हाई.”

फिल्ममधली गाय पुन्हा एकदा हुंगत होती. कुणीतरी तिचा आवाज बंद केला. बहुतेक सृष्टीनं.

आदिनाथनं खांद्यावरचा रुमाल काढून तोंड पुसलं. पुरावा मागितला होता त्यानं, पुरावा आला होता. त्यानं हळू आवाजात म्हटलं, “काकी, त्या टायमाला तर तुमाला सोयर-सुतक...”

“दोन्ही,” आई म्हणाली. “सोयर बी अन सुतक बी. अन त्या चंद्रीचं दूध तुमच्या घरातनं रोज भगवतीला निवदाला जायचं. म्हाईत हाय मला. मी काय करू? मी गेल्ते का सांगाय, देवीला पाजा म्हणून?”

माझ्या आतलं सगळं नाचायला लागलं, लाज न बाळगता सांगतो. हा माणूस काल मला सबुरी शिकवत होता. त्याच्या घरची देवी, त्याच्या घरचं शुद्ध, सगळं एका म्हातारीच्या एका वाक्यात वाहून नालीत गेलं होतं. मला वाटत होतं, अजून बोल आई, अजून. पण आई माझ्यासारखी नाही. ती आक्काबाईंकडं बघत होती, नुसती. त्यात ना माफी होती ना टोमणा.

आक्काबाई पुढं आल्या. त्यांनीही हात घातला पोटाखाली, आईच्या हाताशेजारी. बराच वेळ चाचपलं.

“आदिनाथ त्याच दुधावर वाढला,” त्या म्हणाल्या. “मला येतच न्हवतं त्या साली.”

“ठावं हाय,” आई म्हणाली.

“लई ग्वाड दूध हुतं, लंके.”

“चंद्री गुनाचीच हुती.”

एवढंच. दोघींनी गाईचं नाव काढलं आणि पोरीचं काढलं नाही, तिला नावच नव्हतं. आदिनाथ बाहेर निघून गेला, फोन कानाला लावून. फोन वाजलेला मला तरी ऐकू आला नाही.

आईचं बोट मागच्या पायापाशी अडलं. “ह्यो टाका माझा न्हाई. नवा हाय.”

“माझा आहे, आजी,” सृष्टी म्हणाली. “तिथं उसवलं होतं. जुनी भोकं होती त्यातूनच ओवलं.”

आईनं डोळे जवळ नेऊन पाहिलं. “बरा हाय. जरा ढिला धरलास. पर बरा हाय.”

सृष्टीचा कॅमेरा शेजारी तिपाईवर उभा होता. मी मघापासून बघत होतो, ती त्याला हात लावते का. लावला असता तर मी तो फेकून दिला असता, मग माझ्यावर काय व्हायचे ते गुन्हे दाखल होवोत. तिनं लावला नाही. तिनं पेटीखालचा छापील पुठ्ठा ओढून काढला, फाडला, पाठकोऱ्या कागदावर पेनानं लिहायला बसली, तिथंच फरशीवर, मांडी घालून. मधेच मान वर करून विचारलं, “आजी, तुमचं नाव लावू ना? लोक वाचतील.”

“वाचू दे. आता काय माझी वासरं भरायची राह्यलीत? अन आक्काला चाललं तर लोकांचं काय.”

“लाव गं,” आक्काबाई म्हणाल्या. “तुझ्या बापाचं मी बघते.”

सृष्टीनं कागद लावला, काच परत ठेवली. बाहेर गाड्या आल्या, फटाक्यांची माळ लागली, पाहुण्यांसाठी कुणीतरी ‘या, या’ करू लागलं. आईला गर्दी सोसत नाही. मी तिला दंडाला धरून दाराकडं नेऊ लागलो. दारात ती थांबली. तिला वाचता येत नाही.

“काय लिव्हलंय रं त्या पोरीनं?”

मी मागं वळून वाचलं. मोठं, स्वच्छ अक्षर होतं. ‘शिवण: लंकाबाई साबळे. कातडं आणि पेंढा: बिभीषण साबळे. उसवलं तिथं: सृष्टी.’

बापाचं नाव लागलं होतं. मी छापलेल्या कुठल्याही फ्लेक्सपेक्षा लहान, निळ्या शाईतलं. मला ते परत परत वाचावंसं वाटत होतं, लोकांनी ढकललं तरी.

“माझं आधी हाय का त्यांचं?” आईनं विचारलं.

“तुझं.”

“उलटं कर म्हनावं,” ती म्हणाली. “आधी कातडं काढाया लागतं, मंग शिवत्यात. मी हाय हितं उभी. जा, सांगून ये.”

मी तिला मांडवातल्या खुर्चीवर बसवलं आणि गर्दीतून परत आत शिरलो.